जिथं झोपता तिथं लावा

लग्न होऊन मी धारूरला आले तेव्हा मला मिळालेल्या खोलीला खिडकी नव्हती. म्हणजे कधीकाळी होती. बोळाकडच्या भिंतीच्या गिलाव्यात तिचा चौकोन अजून उठून दिसायचा. रझाकारांच्या वेळी घाबरून घरातल्या माणसांनी ती दगडमातीनं बुजवली, तेव्हा माझे सासरे चड्डीत होते. पुढं रझाकार गेले, निजाम गेला, सासऱ्यांचं लग्न झालं, त्यांना मुलं झाली, मुलांची लग्नं झाली. खिडकी तेवढी उघडायची राहून गेली.

घर तसं मोठं. पुढं किराणा दुकान, त्याच्यामागं बैठक, मग माझी खोली, मग स्वयंपाकघर आणि शेवटी आंगण. आंगणातून दोन पायऱ्या खाली उतरलं की धान्याची आणि गुळाची कोठी. डाव्या अंगानं शेजाऱ्याच्या भिंतीला लागून एक अरुंद वाट होती आणि सगळ्या खोल्यांची दारं त्या वाटेवर उघडायची. माझ्या खोलीत भरदुपारी बल्ब लावल्याशिवाय सुईत दोरा जात नसे, आणि वीज नेमकी दुपारीच जायची. मग मी अंधारात कॉटवर बसून राहायची. छातीवर कुणीतरी पाट ठेवलाय असं वाटायचं. हे कुणाला सांगितलं की ‘डाळीचं पाणी पी’ असा इलाज मिळायचा.

मी बीडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. निकाल हातात पडायच्या आधी हातात हिरवा चुडा पडला. त्या शिक्षणाचा सासरी उपयोग एकच झाला. फ्यूज उडाला की मला हाक यायची.

पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना विचारलं होतं, “ही खिडकी उघडायची का?”

“कावून? बोळात काय बघायचंय तुला?”

“बघायचं काही नाही. हवा येईल.”

“आमी इतके वर्स बिनहवेचे राहिलो का मग? सुनेच्या खोलीला बोळाकडं खिडकी, लोक काय म्हणतील?”

लोक त्या बोळात आडोशाला कशाला येत ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळं मला पुढं बोलता आलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं, तिसऱ्या वर्षी नवऱ्याला विचारायला लावलं. ते म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे विषय संपला.

ते दिवस मोठे गमतीचे होते. दुकानाच्या दाराला शाम्पूच्या छोट्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. समोरच्या गच्चीवर केबलवाल्याची थाळी बसली होती. यांनी दुकानाच्या कोपऱ्यात काचेची केबिन करून एसटीडी सुरू केला होता. रोज पेपर वाचून ते बैठकीत सांगायचे, की आता देशाची दारं उघडली, बाहेरचं सगळं आत येणार. मी आत ताटं वाढत ऐकायची आणि मनात म्हणायची, देशाची राहू द्या, माझी एक खिडकी उघडा. फोनची वायर आणायला मिस्त्रीनं नेमकं माझ्या खोलीच्या त्या बुजवलेल्या चौकोनात भोक पाडलं. त्यातून बोटभर उजेड आत आला. मी त्याला नाक लावून उभी राहिले. ओल्या मातीचा आणि बोळातला असा मिळून वास आला, पण मला तो फार आवडला. दोन दिवसांनी आत्याबाईंना उजेड दिसला. त्यांनी मिस्त्रीला परत बोलावून वायरीभोवती सिमेंट भरून घेतलं. वायरीला जागा मिळाली, माझ्या नाकाला मिळाली नाही. मी त्या दिवशी भाकरी इतक्या जोरात थापल्या की सासरे बैठकीतून विचारायला आले, काय पडलं म्हणून.

अशा दिवसांत दसऱ्याच्या सुमाराला कॉलेजातले माझे सर एक दिवस अचानक दुकानात आले. खांद्याला झोळी, हातात पुठ्ठ्याचं खोकं. सासऱ्यांना त्यांनी आमच्या लिंगायतांचं “शरणार्थ” घातलं, तिथंच अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं पाहुणे कोण, मूळ गाव कोणतं, या चौकशीत झालं. सरांच्या आतेबहिणीच्या दिराला आमच्याकडची मुलगी दिलेली निघाली. मग चहा आला आणि मलाही बाहेर यायची परवानगी आली.

सर घराघरातला रेडॉन मोजत फिरत होते. सासऱ्यांना त्यांनी अगदी सोपं करून सांगितलं. जमिनीत, दगडात, विटेत युरेनियमचा बारीकसा अंश असतो. त्यातून हा वायू आपोआप निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या सांध्यांतून, भिंतीच्या भेगांतून तो वर येतो. उघड्यावर वाऱ्यानं पांगतो, पण कोंदट खोलीत साचून राहतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत जात राहिला तर फुप्फुसाला बरा नाही.

“आपल्याकडं हाय का त्यो?” सासऱ्यांनी विचारलं.

“असतो सगळीकडं. आपला काळा दगड त्या मानानं गरीब, त्यात कमीच निघतो. पण किती निघतो ते मोजल्याशिवाय कसं सांगायचं?”

मोजायचं साधन पाहून सगळ्यांची निराशा झाली. प्लॅस्टिकचा एक पेला. त्याच्या बुडाशी आतून तांबूस फिल्मचा एक तुकडा चिकटवलेला आणि तोंडावर पातळ पडदा ताणलेला. ना काटा, ना बटण, ना दिवा. हा पेला तीन महिने खोलीत उलटा टांगून ठेवायचा. आत शिरलेल्या वायूचे कण फिल्मवर डोळ्याला न दिसणारे ओरखडे काढतात. मग प्रयोगशाळेत फिल्म औषधात धुतली, की सूक्ष्मदर्शकाखाली ते भोकांसारखे दिसतात आणि मोजता येतात. मला तर तो पेला बघताक्षणी आवडला. काही न बोलता एका जागी लटकून राहायचं आणि जे सोसलं ते अंगावर उमटू द्यायचं. हे काम मला जमलं असतं.

सरांना आतल्या खोल्यांत जायला बाईमाणूस हवं होतं. परक्या पुरुषाला कोण स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत घेणार? पाहुण्यातले निघाल्यामुळं सासऱ्यांनी मला त्यांच्याबरोबर जाऊ दिलं, आणि जाताना कॉलेजच्या जीपमध्ये स्वतःही येऊन बसले. तरी मी गेले. किती दिवसांनी धारूरचा घाट बघितला! गावातली घरं झाली, मग आम्ही घाटाखालच्या वाडीत गेलो. बोअरचं पाणीही घेतलं. बाटली भरताना आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर पाण्यातला वायू त्यात निघून जातो. आणि चार दिवसांच्या आत तो निम्मा होतो, म्हणून सर बाटल्या घेऊन घाईनं बीडला पळायचे. वायूसुद्धा थोडक्यात सुटतो, असं मला तेव्हा वाटून गेलं.

घराघरांत सांगायचं वाक्य सरांनी मला शिकवलं होतं. “घर रोज वापरता तसंच वापरा, आणि हा पेला जिथं झोपता तिथं लावा.” वाडीतल्या बायका ऊसतोडीला जायच्या तयारीत होत्या. तवे, हंडे, गोधड्या बांधून झालेल्या. एकीनं पेला हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, “ह्ये डबडं काय करतंय?”

“हवा मोजतं.”

“आन् मोजून?”

मी आपलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, जिथं झोपता तिथं लावा. तिनं मान डोलावली आणि पेला पदराखाली घेतला.

एक पेला माझ्या खोलीत लागला. कॉटच्या वर, आढ्याच्या खिळ्याला, भिंतीपासून हातभर दूर. तो टांगताना सरांनी खोलीभर नजर फिरवली. फरशी शहाबादी, सांधे उघडे. गिलाव्यातला चौकोन त्यांना लगेच दिसला. “इथं खिडकी होती वाटतं,” ते म्हणाले. सासरे म्हणाले, “व्हती.” सरांनी वहीत काहीतरी टिपलं. मी मात्र त्या क्षणापासून वेडी झाले.

कारण मला कळलं होतं, की आता माझं म्हणणं मला मांडायचं नाही, ते पेला मांडणार आहे. आत्याबाई सुनेचं ऐकत नव्हत्या, पण मशीनचं ऐकलं असतं. माझ्या खोलीचा आकडा वाईट यायला हवा होता, बस्स. सोमवारी पिंडीवर बेल वाहताना लोक आरोग्य मागतात, मी विष मागत होते. देवा, माझी खोली नासलेली निघू दे. सर काळ्या दगडाला गरीब म्हणाले होते त्याचा मला राग यायचा. दुपारी कॉटवर पडून मी पेल्याकडं बघत राहायची आणि त्याला दटावायची, की बाबा, नीट मोज, एकही कण सोडू नको. स्वतःच्या खोलीत जास्त विष असावं म्हणून झुरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पण कोंडलेल्या माणसाला कशाकशाची आशा लागते, ते कोंडल्याशिवाय कळत नाही.

पेला लागून थोडेच दिवस झाले, तोवर नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. घर आनंदानं दणाणलं. आणि बाळंतिणीसाठी खोली ठरली ती माझी.

“वारं लागत न्हाई तिथं,” आत्याबाई म्हणाल्या. “बाळंतिणीला अशीच खोली पायजे.”

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी रडत होते, तो त्या खोलीचा गुण ठरला. दाराच्या फटींत पोत्याचे बोळे कोंबले. उंबऱ्यावर गोधडीचा पडदा लागला. कॉटखाली शेगडी आणि दोन्ही वेळ ओवा-शेपाची धुरी. सव्वा महिना ती खोली माझ्या वेळी होती त्याहूनही घट्ट बंद राहिली. मी स्वयंपाकघरात चुलीशी झोपायची. पेला तेवढा मी हलवू दिला नाही. सरकारी वस्तू आहे, हात लावला तर चौकशी होते, असं सांगून ठेवलं. तोंडावर पडदा असल्यामुळं धुरीनं फिल्म बिघडायची नव्हती, तेही सरांना एसटीडीवरून विचारून घेतलं. खरं तर पेला तिथं राहावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. खोली माझी राहो न राहो, तिचा आकडा माझा होता.

संक्रांतीनंतर सर पेले गोळा करायला आले आणि मी पुन्हा जीपमधून फिरले, मागं सासरे होतेच. वाडीतली बरीच घरं कुलूपबंद होती. म्हातारी माणसं राखणीला मागं राहिली होती, त्यांच्याकडून किल्ल्या घेऊन पेले काढले. त्या ‘डबडं’ म्हणणाऱ्या बाईच्या घरात मात्र पेलाच नव्हता. आढ्याला नुसती दोरी लोंबत होती.

“गेला एक,” सर म्हणाले. मग बाकीच्या कुलूपबंद घरांच्या पेल्यांवर त्यांनी खुणा केल्या. या घरांचे आकडे पाहणीत धरायचे नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. बंद घरात वायू साचणारच, पण तो घेणारं माणूसच नसेल तर त्या आकड्याला अर्थ काय? तिथं कोणी झोपत नाही. सर जे सांगत त्यात काही खोट काढायची सोय नसे.

निकाल घेऊन सर आले ते शिमग्याच्या आधी. बैठकीत सगळे जमले होते. सासरे लोडाशी, हे दाराशी, एक कान फोनकडं ठेवून. आत्याबाई खाली सतरंजीवर, मांडीवर नातू. नणंद आणि मी उंबऱ्याच्या आत. सरांनी कागद काढला आणि सांगितलं, की धारूरातली घरं एकंदरीत चांगली निघाली, काळजी करण्यासारखं कुठं काही नाही. माझा सगळा बेल वाया गेला.

“तुमची ही मधली खोली मात्र सगळ्यांत वर आहे,” सर पुढं म्हणाले. “धोका म्हणावा असं नाही, पण इतकी कोंदट ठेवू नका. भिंतीत हवा यायला जागा करा.”

मला तिथल्या तिथं टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सासऱ्यांनी नेहमीसारखं “बघू” म्हणायला तोंड उघडलं. पण आत्याबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी नातवाला छातीशी धरलं.

“सर, माझं लेकरू सव्वा महिना तिथं हुतं की हो! अन् ही लेक पन! काय झालं तर न्हाई ना त्येला?”

“छे छे,” सर घाईनं म्हणाले. “महिन्या-सव्वा महिन्यानं काहीही होत नाही. हा वायू असा लगेच बाधत नाही. वर्षानुवर्षं जे माणूस त्या खोलीत झोपतं, प्रश्न त्याचा असतो.”

ते माणूस उंबऱ्याच्या आत उभं होतं. सर माझ्याकडं बघत होते. बाकी कुणीच बघितलं नाही. आत्याबाईंनी बाळाचं टोपरं नीट केलं आणि यांना म्हणाल्या, “उद्याच्या उद्या मिस्त्रीला आन. आधी ती खिडकी उघड.”

मला रडू आलं. आनंदाचं होतं की अपमानाचं, हे तेव्हा वेगळं करता आलं नाही. आत जाऊन मी चहाचं आधण चढवलं आणि साखर दोनदा टाकली. सरांनी तो चहा तसाच प्यायला. जाताना त्यांनी पुढच्या तीन महिन्यांसाठी दुसरा पेला त्याच खिळ्याला टांगला. खिडकी उघडल्यावर आकडा किती उतरतो, ते त्यांना बघायचं होतं.

मिस्त्रीनं पहार मारली आणि पहिला दगड बोळात पडला. आत लाकडी चौकट होती तशीच होती, फक्त खालून वाळवीनं खाल्लेली. गज गंजलेले, पण शाबूत. दुपारपर्यंत उजेड फरशीवर आला. भिंतीचा रंग इतके दिवस मी राखी समजत होते, तो पिस्ता निघाला. मी दार लावून घेतलं आणि त्या उजेडात नुसती बसले. छातीवरचा पाट उतरला. खिडकीबाहेर बोळाची शेवाळलेली भिंत होती, एक गटार होतं, आणि वर कापडाच्या पट्टीएवढं आभाळ होतं. मला आणखी काही नको होतं, खरंच नको होतं. आत्याबाईंनी तिला आतून पडदा लावायला सांगितला, तोही मी आनंदानं शिवला.

ते सुख पाडव्यापर्यंत टिकलं. सासऱ्यांना दम्याचा त्रास होता. बैठकीत दुकानातल्या मिरचीचा खकाणा यायचा आणि त्यांची धाप वाढायची. पाडव्याच्या आसपास त्यांना फारच त्रास झाला. केजच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हवेशीर खोलीत झोपवा. घरात हवेशीर खोली एकच होती.

यात कुणाचं चुकलं म्हणून सांगू? धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी खिडकी देणार नाही म्हटलं असतं, तर मीच मला आवडले नसते. सासऱ्यांची कॉट माझ्या खोलीत गेली. नणंद आणि बाळ स्वयंपाकघरात आत्याबाईंजवळ झोपत होती, तिथं आणखी एक अंथरूण मावत नव्हतं. हे रात्री स्वस्तात फोन करणाऱ्यांसाठी दुकानातच पथारी टाकायचे. बैठकीत तरण्या सुनेनं झोपायचं नसतं. उरली कोठी.

“थोड्या दिसाचा तर सवाल हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “पोती जरा सरकवून घे. लई थंड राहतंय तिथं उन्हाळ्यात.”

कोठी जमिनीच्या खाली दोन पायऱ्या. तिच्या तीन भिंतींमागं माती आणि शेजाऱ्यांचे पाये. उघडायला बुजवलेली खिडकीसुद्धा नाही. गुळाच्या वासानं डोकं जड व्हायचं. मी तिथं माझी गादी टाकली, आणि आता मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग, की मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, याचा आणखी राग आला.

त्याच आठवड्यात ऊसतोडीची माणसं परत यायला लागली. वाडीतली ती बाई दुकानात मीठमिरची न्यायला आली आणि मागच्या दारानं मला हाक मारली. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्या हातात दिली.

“घ्या बाई तुमचं डबडं. जपून आनलंय.”

तो सरांचा हरवलेला पेला होता. पाचटाचे कण लागलेले, पण पडदा शाबूत.

“अगं, हा घरात टांगायचा होता! तू कुठं नेलंस याला?”

“कारखान्यावर. कोपीत टांगलता.”

मला हसू आवरेना. उसाच्या पाचटाच्या त्या कोपीला ना भिंत, ना दार, चहूकडून वारा. तिथं रेडॉन मोजायचा म्हणजे रानात मोजायचा. मी तिला म्हटलं, की बाई, सगळं चुकलं, हा पेला आता कामाचा नाही.

ती अजिबात ओशाळली नाही. उलट माझ्यावरच चिडली. “चुकलं कसं? तुमीच म्हनलात न्हवं, जिथं झोपता तिथं लावा? आमी दिवाळीपासून तिथं झोपलो. मग तिथंच लावनार की. रिकाम्या घराला काय करायचंय मोजून?”

ती निघून गेली. मी पेला हातात धरून कोठीच्या पायरीवर बसले. मला एकदम वाटलं, की सरांचं वाक्य मी गावभर म्हणत फिरले, आणि नीट ऐकलं ते हिनं एकटीनं.

मी उठले आणि सरळ माझ्या जुन्या खोलीत गेले. सासरे खिडकीशी कॉटवर बसून पेपर वाचत होते. मी स्टुलावर चढले आणि आढ्याचा पेला काढला.

“अगं, त्यो सरकारी हाय, त्येला हात लावू नको!” आत्याबाई दारातून ओरडल्या. माझंच वाक्य.

“सरांनी सांगितलंय, जिथं झोपता तिथं लावा,” मी म्हणाले. आणि त्यांच्या देखत आंगण ओलांडून दोन पायऱ्या उतरले आणि पोत्यांच्या वरच्या वाशाला तो टांगला. आत्याबाई परत आत गेल्या. त्यांना वाटलं असेल, डोकं फिरलंय, येईल ठिकाणावर.

‘थोडे दिवस’ म्हणजे किती, ते कुणी बोललं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा सुरू झाला, कोठीच्या फरशीला ओल आली. मधे एकदा सर पेले घेऊन गेले. त्या दिवशी मी एका लग्नाला केजला गेले होते, त्यामुळं भेट झाली नाही. पेला यांनीच काढून दिला, कुठून काढला ते न सांगता. आषाढात सर निकाल घेऊन आले. पुन्हा तीच बैठक जमली. नणंद तेवढी बाळाला घेऊन सासरी गेली होती, पण माझी गादी कोठीतून हलवायचं कुणी काढलं नव्हतं.

सर जरा गोंधळलेले दिसले. “मला एक कळत नाही,” ते सासऱ्यांना म्हणाले. “तुम्ही खिडकी उघडलीत, ती मी आता बघूनही आलो. मग आकडा उतरायला हवा होता. हा तर मागच्यापेक्षा वर गेलाय. या वेळी सबंध पाहणीत एवढा कुठंच नाही.”

मग आत्याबाई म्हणाल्या, “त्या खोलीतला न्हाई त्यो. हिनं नेऊन कोठीत टांगलता.”

“कोठीत?” सरांनी विचारलं. “तिथं कोण झोपतं?”

मी चहाचे कप घेऊन दारात आले होते. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या वाईट बाई नव्हत्या. पाहुण्यातल्या माणसासमोर सून कोठीत झोपते हे सांगायची त्यांना लाज वाटली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“कुनी न्हाई,” त्या म्हणाल्या. “पोती असत्यात तिथं.”

“मग सुटलं कोडं,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. “बंद कोठार, साचणारच. हा आकडा आपल्याला धरता येणार नाही.” त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. वाडीतल्या कुलूपबंद घरांवर मारली तशी खूण आता माझ्यावर पडणार होती.

मी ट्रे खाली ठेवला.

“मी झोपते, सर,” मी म्हणाले. “पाडव्यापासून मी तिथंच झोपते.”

सासऱ्यांसमोर इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. हे दाराशी उभे होते ते एकदम फोन वाजल्यासारखे दुकानात गेले. फोन वाजला नव्हता. सासरे खिडकीच्या खोलीकडं बघत राहिले. आत्याबाईंनी पदर सारखा केला. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं, आणि पेनला परत टोपण लावलं. चहा घेतल्यावर ते म्हणाले, की त्या कोठीत माणसानं झोपणं बरं नाही. सासरे म्हणाले, “बघू.”

कोठीला पुढंही खिडकी झाली नाही, व्हायला जागाच नव्हती. सासरे जाईपर्यंत, म्हणजे आणखी कितीतरी उन्हाळे-पावसाळे, मी तिथंच झोपले. पण तो आकडा सरांनी खोडला नाही. धारूरच्या पाहणीत सगळ्यांत वर तो अजून असेल, आणि त्याच्यापुढं लिहिलेलं असेल, की या खोलीत माणूस झोपतं.